चांदवेलीचे जमिनीखालचे खाते

लसूणघास एकदा पेरला की तीन-चार वर्षे चारा देतो. दर २५-३० दिवसांनी कापायचा, पाणी द्यायचे, की पुन्हा फुटतो. पण वाफ्यात चांदवेल शिरली, की तीही त्याच्याबरोबर फुटते आणि हळूहळू घासालाच गुंडाळून खाली ओढते.

तिला ओळखायचे कसे? पान बाणाच्या टोकासारखे असते. हरणाच्या खुराची आठवण होते म्हणून हिंदीत तिला ‘हिरनखुरी’ म्हणतात. फूल नरसाळ्यासारखे, पांढरे किंवा फिकट गुलाबी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. फुलाच्या देठावर, फुलापासून बरेच खाली, दोन अगदी बारीक पाने दिसतात. ही खूण विसरू नका. वेलीचा पीळही पाहा. साध्या स्क्रूचे आटे ज्या दिशेचे, त्याच दिशेने ती आधारावर चढते. (माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!)

खरी चांदवेल मात्र जमिनीखाली असते. तिची मुळे ६ मीटरपर्यंत, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतकी, खोल गेलेली आढळली आहेत. मुळाच्या पाच सेंटिमीटरच्या तुकड्यालाही कोंब फुटतो. मग एकदाच नांगर फिरवून थांबले तर काय होईल? एका वेलीच्या अनेक वेली!

या मुळांत पिष्ट साठवलेले असते. ते बँकेतल्या शिलकीसारखे समजा. वेल कापली की नवा कोंब या शिलकीवर वाढतो. सुमारे दोन आठवडे नुसता खर्च चालतो. पुढे पाने मोठी होतात आणि प्रकाशसंश्लेषणाने खात्यात पुन्हा भरणा सुरू होतो. आता घासाची कापणी आठवा. ती महिन्याने येते, तोवर वेलीने सारे कर्ज फेडलेले असते! म्हणून कोंब दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत खुरपणी हवी, आणि तीही पुनःपुन्हा. एका हंगामात हे खाते सहसा रिकामे होत नाही.

‘टू-फोर-डी’ हे तणनाशक रुंद पानांच्या द्विदल वनस्पतींवर चालते. पण लसूणघासही द्विदलच, त्यामुळे तोही जळेल. वाफा फारच भरला असेल तर घास मोडून तेथे चाऱ्याची ज्वारी किंवा मका घ्यावा. ही पिके एकदल आहेत. त्यांत कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने हे औषध वापरता येते, शिवाय दाट पिकाची सावली वेलीचे उत्पन्न घटवते. बी धरू देऊ नये, कारण ते जमिनीत वीस वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहते.

चांदवेल सापडली तर मुळाचे सारख्या लांबीचे तुकडे दोन कुंड्यांत लावा. एकीतले कोंब दर दहा दिवसांनी कापा, दुसरीतले दर तीस दिवसांनी. प्रत्येक वेळी कोंब मोजून वहीत नोंदवा. आणि हो, प्रयोग संपल्यावर कुंडीतली माती शेतात टाकू नका!