शाळेतला गोफ

आमच्या गावच्या शाळेत दरसाल माघात संमेलन असते. मुले लेझीम खेळतात, नाटुकले करतात. यंदा मुलींचा गोफ होता.

गोफ म्हणजे विणलेली दोरी. गळ्यातल्या सोन्याच्या गोफाला म्हणूनच ते नाव पडले. आणि नाचता नाचता दोरी विणायची, त्या खेळालाही गोफच म्हणतात.

मांडवाच्या मधोमध वर एक कडी बांधतात. तिला आठ रंगीत पट्ट्या सोडतात. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्याही चालतात. आठ मुली गोल उभ्या राहतात. एकेकीच्या हाती एकेक पट्टी. चौघींची तोंडे उजवीकडे, चौघींची डावीकडे, एकीआड एक. ढोलकी वाजली की चालायचे. उजवीकडे निघालेली मुलगी समोरून येणाऱ्या पहिलीच्या बाहेरून जाते, दुसरीच्या आतून, तिसरीच्या पुन्हा बाहेरून. डावीकडे निघालेलीचे उलट. तिने आधी आत, मग बाहेर. असे फेर धरले की वरून वेणी उतरू लागते.

पण विणणे हा निम्माच खेळ. पुढे तो उकलायचा असतो. मुली माघारी वळतात. जी शेवटी भेटली तिला आता आधी भेटायचे. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत जायचे. एक पाऊल चुकले तर तिथे गाठ बसते.

संमेलनाला चार दिवस होते. आमच्या आळीतले आबा शाळेत आले. त्यांची मुलगी गोफात होती.

"गुरुजी, पोरीचं नाव काढा," आबा म्हणाले. "चारचौघांत नाचायचं म्हणजे काय? अन् रानात हरभरा उपटायचाय."

"आबा, एक काढली तर सात उरतात," गुरुजी म्हणाले. "सातांची जोडी कशी लावू? आणि हा काही नुसता पोरींचा खेळ नाही. तिकडे गोव्यात शिगम्याला शेतकरी गडी गोफ खेळतात."

आबा काही बोलले नाहीत. मुलगी मात्र तालमीला येत राहिली. सकाळी रानात, संध्याकाळी शाळेत.

संमेलनाच्या रात्री आबा पार मागे, खांबाला टेकून बसले. आम्ही सगळे आपापल्या पोरीचे तोंड शोधत होतो. हीच आपली खोड. गोफ पाहायचा तर वर बघावे! आबा वर बघत होते. दोर वळण्यात गावात त्यांचा हात कोणी धरणार नाही. नजर वेणीवरून हलेना.

हातभर वेणी उतरली आणि आबा एकदम ओरडले, "पेड चुकला! लाल पेड खालून गेला!"

ढोलकी थांबली. लाल पट्टी त्यांच्याच पोरीच्या हाती होती. ती कावरीबावरी झाली. गुरुजींनी वर पाहिले. खरेच होते. मग आठहीजणी दोन पावले मागे सरल्या. लाल पट्टी मोकळी झाली, पुन्हा वरून गेली. ढोलकी सुरू झाली.

पुढे वेणी पुरी झाली. मग मुली उलट फिरल्या. एकेक पेड सुटत गेला. शेवटी आठ पट्ट्या सुट्या लोंबू लागल्या. कुठे गाठ नाही, गुंता नाही.

तेव्हा कुठे आबांनी नजर खाली आणली आणि पोरीकडे पाहिले.