टाकीचे घाव आणि मेंदूचा हिशेब

२६ जुलै २००५. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही दोघी मैत्रिणी रुईया कॉलेजातून एकत्रच बाहेर पडलो. दोघींची घरं सायनला. लोकल बंद पडल्या होत्या, म्हणून रस्त्यानं जायचं ठरलं. कोपऱ्यावर बस आली. ती चढली, मला गर्दीत चढता आलं नाही. एवढाच काय तो फरक. तिची बस किंग्ज सर्कलच्या पुढे, गांधी मार्केटपाशी पाण्यात बंद पडली. मी त्याच रस्त्यानं, त्याच पाण्यातून चालत गेले.

गांधी मार्केटला दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे माटुंगेकरांना सांगायला नको. पण त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे पाणी कमरेच्या वर होतं आणि त्याखाली रस्ता कुठे, गटार कुठे, काही कळत नव्हतं. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून रांग केली. सगळ्यांत पुढे फुलबाजारातला एक माणूस होता, हातात बांबू. तो दोन पावलं टाके, बांबू टेकवून बघे आणि ओरडे, "डावीकडं खड्डा आहे, डिव्हायडर धरून या." ते वाक्य रांगेतून मागे मागे जायचं. माझ्या मागे शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. त्याचा हात धरणं आणि त्याच्यापर्यंत ते वाक्य पोचवणं, एवढंच माझं काम. पंधरा मिनिटांच्या वाटेला तीन तास लागले. घरी पोचले, गरम वरणभात खाल्ला आणि झोपले.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली. रात्रभर बसमध्ये होती. पाणी पायऱ्या चढून आत आलं, मग बाकांपर्यंत आलं. दिवे नाहीत, फोन लागत नाही, उतरायची सोय नाही. ते आणखी चढेल की उतरेल, एवढीच वाट बघायची. तिला साधं खरचटलंही नव्हतं. पण पुढची चार-पाच वर्षं पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की तिचे हात गार पडायचे. जून आला की ती घराबाहेर न पडायला कारणं शोधायची.

"तुझं मन खंबीर, तिचं हळवं," असं आमच्याकडच्या मोठ्यांनी निदान केलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आमच्यात धीट ती होती. अंधाऱ्या जिन्यात मी तिचा हात धरायचे. मग एकाच संध्याकाळचा, एकाच पाण्याचा दोघींच्या मनावर इतका वेगळा परिणाम का व्हावा? पुढे मानसशास्त्र वाचायला लागल्यावर याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडलं.

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर तो प्रयोग केला. आज तसा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांचे गट केले होते. त्यातल्या दोन गटांना विजेचे झटके बसायचे, सारख्याच जोराचे, सरासरी सारखाच वेळ. मात्र एका गटातल्या कुत्र्यांच्या डोक्याजवळ एक पट्टी होती. ती दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटातल्यांनी काहीही केलं तरी उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला अशा पेटीत सोडलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पट्टीवाल्या कुत्र्यांनी उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे झटके सोसत तिथंच पडून राहिले. अंगाला झालेला त्रास दोन्ही गटांचा सारखाच, तरी परिणाम असा.

या निष्क्रियतेला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. पण गोष्ट इथं संपत नाही. मायर पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि २०१६ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी, त्यांनी आणि सेलिगमन यांनी मिळून लिहिलं की आमचा मूळचा अर्थ उलटा होता. असहायता शिकावी लागत नाही. ती आधीपासून असतेच. त्रास लांबला की मेंदूच्या देठातला, सेरोटोनिन हे रसायन पाठवणारा एक पेशीपुंज जोरात काम करू लागतो आणि प्राणी हातपाय गाळतो. शिकावं लागतं ते याच्या नेमकं विरुद्ध. 'माझ्या करण्यानं इथं काही फरक पडतो' हे कपाळामागच्या मेंदूला उमगलं, की तो भाग त्या पेशीपुंजाला लगाम घालतो. मायर यांच्या गटानं उंदरांमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना आधी एकदा असा ताबा मिळाला होता, ते नंतरच्या, अजिबात ताब्यात नसलेल्या त्रासातही कोलमडले नाहीत. संशोधकांनी त्याला लसीकरणाचीच उपमा दिली.

कपाळामागचा हा भाग माणसात विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. आम्ही तेव्हा अठरा वर्षांच्या होतो, म्हणजे आमचा लगाम अजून घडतच होता.

त्या संध्याकाळी माझ्या चालण्यानं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. संकट जिवंतच होतं. माझ्या ताब्यात फक्त पुढचं पाऊल आणि त्या मुलाचा हात होता. मेंदूला तेवढं पुरलं असावं. बसमधल्या मैत्रिणीला तेवढंही मिळालं नाही. दोघींच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण 'खंबीर' आणि 'हळवी' हे शिक्के आमच्या कपाळी मारायचं काही कारण नव्हतं, हे आता खात्रीनं सांगते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. मराठी घरातल्या प्रत्येक मुलानं ही म्हण दहावीच्या वर्षात एकदा तरी ऐकलेली असते. मला तिच्यात एक गोष्ट फार खटकते. देव झालेला दगड देवळात दिसतो, फुटलेल्या दगडांची मोजदाद कोणी ठेवत नाही. ती मोजदाद मानसशास्त्रज्ञ मार्क सीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये करून पाहिली. अमेरिकेतल्या २,३९८ जणांना त्यांनी आयुष्यात काय काय सोसलं ते विचारलं आणि काही वर्षं त्यांच्या मनःस्वास्थ्याची नोंद ठेवली. ज्यांनी फार सोसलं ते सर्वांत जास्त खचलेले होते. ज्यांनी काहीच सोसलं नाही, तेही फारसे मजेत नव्हते. थोडंफार सोसलेल्यांची अवस्था दोघांपेक्षा बरी होती. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, फक्त संबंध दाखवतो. तरी मात्रेचा मुद्दा त्यातून लख्ख दिसतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या माकडांच्या पिल्लांवरचं कामही हेच सांगतं. पिल्लांना आठवड्यातून एकदा, फक्त तासभर, आईपासून दूर ठेवलं. असं दहा आठवडे. ही पिल्लं पुढे नव्या जागी नेल्यावर कमी बिचकली आणि त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरकही कमी भरलं. घाव तासाभराचा होता आणि तास संपला की आईची कूस होती. 'आम्ही नाही का सोसलं?' असं म्हणत मुलांना मुद्दाम रगडणाऱ्यांनी हा दुसरा भाग नीट वाचावा. रॅगिंग, अपमान, मार यांना टाकी म्हणत नाहीत. तो घण आहे.

म्हणीत दगड आहे, टाकी आहे. मूर्तिकाराचा मात्र उल्लेख नाही. त्याच्यासाठी रुईयापासून फार लांब जावं लागत नाही. चालत काही मिनिटांवर आयसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, पूर्वीची यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झालेली. रघुनाथ माशेलकर इथूनच १९६६ मध्ये रासायनिक अभियंता झाले आणि १९६९ मध्ये प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. गोव्यातल्या माशेलचा हा मुलगा. वडील लहानपणीच गेले. आई अंजनीबाई त्याला घेऊन मुंबईला, गिरगावात आल्या. अनवाणी चालणं, दिव्याखालचा अभ्यास, हे सगळं आपण भाषणांत ऐकतो आणि 'गरिबीनं माणूस घडवला' म्हणून टाळ्या वाजवतो.

मला ते मान्य नाही. माशेलकर स्वतः सांगतात तेव्हा त्या गोष्टीत गरिबीपेक्षा माणसंच जास्त असतात. हायस्कूलच्या प्रवेशाला २१ रुपये नव्हते, तेव्हा घरकाम करणाऱ्या एका बाईनं आपली साठवण पुढे केली. युनियन हायस्कूलच्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगानं कागद जाळून दाखवला आणि विखुरलेली ताकद एका जागी आणली की काय होतं ते शिकवलं. १९६० मध्ये बोर्डात अकरावा येऊनही शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टचे महिना ६० रुपये मिळाले. पुढे हे गृहस्थ सीएसआयआरचे महासंचालक झाले आणि १९९७ मध्ये हळदीवरचं अमेरिकी पेटंट रद्द करून घेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. गिरगावच्या त्याच चाळींत तेवढीच गरिबी सोसलेली कितीतरी मुलं होती. त्यांना २१ रुपये देणारं कोणी भेटलं नसेल.

हवाईतल्या काउआई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग अनेक दशकं काढला. दारिद्र्य, आजार, घरातली भांडणं यांत वाढलेल्या, धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात जे समान सापडलं, त्यात ठळक एक गोष्ट होती. घरातलं किंवा बाहेरचं, निदान एक मोठं माणूस त्यांच्या बाजूनं ठाम उभं होतं. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही.

मैत्रिणीची गोष्ट अर्धी राहिली. अनुभवानं माणूस शहाणा होतो म्हणतात, पण दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हेही आपल्याच भाषेत आहे. मेंदूचा भीतीचा हिशेब असाच ढोबळ असतो. बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग त्या रात्रीचं पाणी, अंधार, पत्र्यावरचा आवाज यांची एकच मोट बांधतो आणि पुढे त्यातलं काहीही दिसलं की घंटा वाजवतो. ही नोंद सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी नोंद करावी लागते, आणि ती उपदेशानं होत नाही. जे होईल अशी भीती आहे ते होत नाही, हे पुन्हा पुन्हा अंगानं अनुभवावं लागतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःवर केलं होतं. मुलींशी बोलायला ते घाबरायचे. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन ते बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलले. शंभरेक जणींपैकी एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. तरी भीती गेली, कारण कोणी पोलीस बोलावले नाहीत आणि आभाळ कोसळलं नाही. पुढे त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. ती मुंबईत राहून मराठी माणसांपर्यंत पोचवली कि. मो. फडके यांनी.

आम्हा दोघींना तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मैत्रिणीनं एका समुपदेशक बाईंकडे जायला सुरुवात केली होती आणि त्यांनीच पायरी पायरीनं पावसात जायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी फाइव्ह गार्डन्समध्ये रिमझिमीत एक फेरी. मग माहेश्वरी उद्यानापर्यंत. एका जुलैत आम्ही गांधी मार्केटच्या रस्त्याला लागलो. पाणी घोट्याएवढं होतं. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

"अगं, परत जाऊ या ना."

"त्या खांबापर्यंत जाऊ. मग तू म्हणशील तसं."

खांबापाशी ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, "पुढच्या खांबापर्यंत." कुठे थांबायचं ते ती ठरवत होती, हे त्यातलं महत्त्वाचं. तिला ओढत नेलं असतं तर ती पुन्हा त्या बसमध्येच जाऊन बसली असती. त्या दिवशी आम्ही पाच खांब चाललो. आता तिची मुलगी माटुंग्याला शिकते आणि ही तिला पावसात न्यायला येते. जोराची सर आली की आजही ती जरा गप्प होते. तेवढं राहिलं आहे, आणि तेवढं राहायला हरकत नाही.

मायलेकी मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावरून घरी जातात. तिथलं तिकीट, तपासणी, उद्घोषणा, सुरक्षा, सगळी कामं जुलै २०१७ पासून बायका सांभाळतात. प्रमुख झालेल्या ममता कुलकर्णी १९९२ मध्ये रेल्वेत आल्या, तेव्हा मुंबई विभागातल्या त्या पहिल्या महिला सहायक स्टेशनमास्तर होत्या. आत्मविश्वास कशानं येतो, याचा अभ्यास करणाऱ्या अल्बर्ट बांडुरा यांनी स्वतः करून पाहण्याला पहिलं स्थान दिलं आणि आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहणं हेही मोठं साधन मानलं. तिकिटाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीला ते साधन रोज फुकट मिळतं.

आईबाबांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना कणखर करायला संकटं शोधू नका, ती आपणहून येतील. त्याआधी त्यांना पुरी करता येतील अशी खरी कामं द्या. बाजारहाट, बँकेचा फॉर्म, एकट्यानं एक बसप्रवास. चुकू द्या, आणि चुकल्यावर कोणाकडे यायचं ते त्यांना नक्की ठाऊक असू द्या. भीती झोप, जेवण, अभ्यास खाऊ लागली तर 'मन घट्ट कर' एवढं सांगून थांबू नका, तज्ज्ञाकडे न्या. आणि ज्यांच्या जवळपास असं कोणी नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री कधीही, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं.