तुमचा रिचार्ज, गावाचं नेट!

दर महिन्याला मोबाइलचा रिचार्ज मारता ना? मग एका भल्यामोठ्या सरकारी योजनेत तुमचाही खारीचा वाटा आहे, बरं का! टेलिकॉम कंपन्यांना आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम एका खास निधीत भरावी लागते. बोजड शब्द सोडा, हिशेबात धरलेल्या दर शंभर रुपयांमागे पाच रुपये! २००२ साली सुरू झालेल्या या ‘यूएसओ फंडा’चं २०२३ च्या टेलिकॉम कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असं बारसं केलं. कल्पना झकास आहे. धंदा परवडत नाही म्हणून कंपन्या जिथे फिरकत नाहीत, तिथे सगळ्यांच्या बिलातून नेटवर्क न्यायचं.

याच पैशातून देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायचं २०११ मध्ये ठरलं. तेच आजचं ‘भारतनेट’. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम ‘महानेट’ या नावाने झालं. देशभरात दोन लाखांहून जास्त पंचायती ‘सर्व्हिस रेडी’ झाल्या. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोकणातली पोरं ऑनलाइन लेक्चरसाठी रेंज शोधत डोंगरावर का चढत होती?

‘सर्व्हिस रेडी’ हा शब्दच मोठा बेरकी! केबल आली, डबा बसला, झालं. पंचायतीच्या भिंतीपासून लोकांच्या घरापर्यंत नेट कोण नेणार? रस्ता खणताना जेसीबीने केबल तोडली, तर जोडायला कोण येणार? त्यात केबल टाकलेली सरळ रेषेत. म्हणजे मध्ये कुठे तुटली की पुढची गावं ठप्प. टाकायला पैसा भरपूर, सांभाळायच्या नावाने बोंब..

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. आता केबल रिंगमध्ये, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा चालू. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन द्यायचं टार्गेटही आहे. पण आमच्या मते यातली खरी बातमी वेगळीच आहे. दहा वर्षांची देखभाल या योजनेतच धरली आहे. फीत कापण्याइतकं ग्लॅमर त्यात नाही, म्हणून तिची चर्चा कमी!

पुढच्या वीकेण्डला गावी गेलात तर ग्रामपंचायतीत जरूर डोकवा. डबा दिसला, तर त्याचे दिवे लुकलुकताहेत का ते बघा. आणि शेजारच्या शाळेत नेट चालतं का, तेवढं गुरुजींना विचारा.