पदवीनंतरची तयारी पदवीच्या आधी



खापर, अक्कलकुवा, तळोदा या भागातील आपली मुले-मुली आज बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. होत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ घरांत ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न निकाल हाती आल्यावरच विचारला जातो. तोपर्यंत अनेक ठिकाणच्या प्रवेश अर्जांची मुदत संपलेली असते. एक वर्ष वाया जाते आणि एकदा खंड पडला की कित्येकांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण तेथेच थांबते. म्हणून पदव्युत्तर शिक्षणाची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच कशी करावी, याचा येथे विचार करू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यामागची जुळवाजुळवही समजून घेतली पाहिजे. बी.ए. झाल्यानंतर फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशी अट होती. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. बुद्धिमत्तेइतकेच येथे नियोजनही होते.

यातून पहिली गोष्ट अभ्यासाची. गाइड वाचून बी.ए. होता येते, एम.ए.ला ते पुरत नाही. तेथे संदर्भग्रंथ वाचावे लागतात, स्वतः निबंध लिहून वर्गात मांडावा लागतो. म्हणून तृतीय वर्षातच आपल्या विषयाचे एक मूळ पुस्तक, शक्य तर इंग्रजीतील, सावकाश वाचून काढावे. दर आठवड्याला दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहावीत व ती प्राध्यापकांना दाखवावीत. पुढे शिफारसपत्र लागते, तेव्हा विद्यार्थ्याला ओळखणारे प्राध्यापकच उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. नंदुरबारहून तेथे थेट रेल्वे आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिचा अर्ज निकालाआधीच भरायचा असतो आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही तो भरू शकतात.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना महसुली उतारा एका दिवसात सापडत नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढून ठेवावा. उत्पन्नाचा दाखलाही वेळेत घ्यावा.

चौथी गोष्ट पैशाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. परदेशी जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. प्रत्येक योजनेच्या गुणांच्या व उत्पन्नाच्या अटी आधी वाचाव्यात. आम्ही बँकेत काम करतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. खात्यावरील, आधारवरील आणि गुणपत्रिकेवरील नाव एकच असावे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. दोन-तीन खाती असतील तर जोडणी कोणत्या खात्याला आहे, हे बँकेत विचारून घ्यावे. दोन वर्षे व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय होते. ते अर्जापूर्वीच सुरू करून घ्यावे.

शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा उशिरा येते. प्रवेश शुल्क, खोलीची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांची खानावळ मात्र लगेच द्यावी लागते. पुष्कळांचे पाऊल याच ठिकाणी अडते. येथे समाजाने पुढे यावे. संस्थेने दरवर्षी दिवाळीपूर्वी तृतीय वर्षातील मुला-मुलींची यादी करावी, त्यांचे कागद तपासावेत आणि गरजूंना प्रवेशापुरती रक्कम उसनी द्यावी. शिष्यवृत्ती आली की ती परत यावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तीच उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांनीही निकालाची वाट न पाहता आजच आपली कागदपत्रांची पिशवी उघडून काय कमी आहे ते पाहावे.