बोथट सुई, लाल पिशवी आणि दोन तासांची कूस

सकाळपाळीसाठी नंदाखालहून विरार स्टेशन गाठायचं आणि पुढे लोकलने मुंबई. वसई परिसरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुलींनी नर्स होऊन ही वाट तुडवली. एकाच घरात आजी नर्स आणि नातही नर्स असेल, तर दोघींना एकमेकींची ड्युटी समजावून सांगावी लागेल, इतकं हे काम बदललं आहे.

आजीच्या वेळी सिरिंज काचेची. धुवायची, नळी आणि दट्ट्या जोडीनेच ठेवायचा, मग उकळायची. सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात. बोथट झालेल्या सुईला दगडावर धार लावायची आणि टोक कापसातून ओढून पाहायचं. तंतू अडकला की सुई परत दगडावर! रबरी हातमोजेही धुऊन, फुगवून, भोक नाही ना हे पाहून पावडर लावून ठेवायचे. रात्री पेशंट झोपले की गॉजच्या घड्या आणि कापसाचे बोळे करायचे, ते ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचे. निवांत रात्रपाळी म्हणजे हीच कामं.

हिपॅटायटिस बी आणि पुढे एचआयव्हीच्या धास्तीने एकदाच वापरायच्या सिरिंज रुळल्या. 1998 साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. आता सुई पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताळलेला बोळा पिवळ्या पिशवीत.

पण या कामाची गोष्ट आजीच्याही आधीची. मुंबईत कामा हॉस्पिटल 1886 साली सुरू झालं. प्रशिक्षणासाठी मुंबईत आलेल्या पहिल्या भारतीय नर्सेसमध्ये 1891 साली आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव घेतलं जातं. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला तो 1947 साली. सरकारी कागदावर आज अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदं आहेत. वॉर्डात मात्र सगळ्या 'सिस्टर'च. पुरुष नर्स 'ब्रदर'. कडक इस्त्रीची टोपी बहुतेक ठिकाणी गेली. बरंच झालं, वाकून काम करताना ती सांभाळणं हेच एक काम होतं.

आयसीयूतली नर्स आज मॉनिटर वाचते, इन्फ्युजन पंपाचा वेग लावते, व्हेंटिलेटरचा अलार्म कशासाठी वाजतोय ते ओळखते. औषधाचा डोस खटकला तर डॉक्टरांना विचारते. पूर्वी असं विचारणं आगाऊपणात जमा होई. लिहिणंही वाढलं आहे. पाळी संपताना 'ओव्हर', म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटांची माहिती, दिल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

एक काम मात्र यंत्राकडे गेलेलं नाही: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सेवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या आणि 18 मे 2015 रोजी गेल्या. मधली जवळजवळ 42 वर्षं त्यांची सेवा केईएमच्या नर्सेसनी केली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, सेवा खंडली नाही. एवढ्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही, हे 2011 साली सर्वोच्च न्यायालयासमोरही आलं. बेडसोर टाळायचा म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का पाहायचं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही.

त्यासाठी माणसं लागतात. अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक नर्स, हे परिचर्या परिषदेचं प्रमाण. तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत नऊ पेशंटांमागे एक. पुढच्या खेपेला कुणाला भेटायला हॉस्पिटलात जाल, तेव्हा वॉर्डातल्या खाटा मोजा आणि रात्री सिस्टर किती असतात, ते विचारा.