हॅम रेडिओ : केबल आणि अँटेनाची पारख

ग्राहक रंगाला भुलतो, पण कापड टिकते ते सुताच्या आणि विणीच्या जोरावर. आम्ही कापडवाले ही गोष्ट रोज पाहतो. हौशी रेडिओ, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, त्यातही हेच चालते. नवशिका सगळी रक्कम चकचकीत सेटवर घालतो आणि केबल व अँटेना उरलेल्या पैशांत उरकतो. मग आवाज वेशीबाहेर जात नाही आणि दोष बिचाऱ्या सेटला लागतो.

हा नुसता शौकाचा मामला नाही. जानेवारी २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आणि २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात त्सुनामी आली तेव्हा टेलिफोन बंद पडले. अशा वेळी हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले. अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांच्या साथीदारांनी केलेले काम सर्वांना माहीत आहे. अडचणीच्या वेळी उपयोगी पडायचे तर केंद्र मजबूत हवे. मात्र दोन गोष्टी आधीच ध्यानात ठेवाव्यात. केंद्र सरकारची परीक्षा पास होऊन परवाना घेतल्याशिवाय असे केंद्र चालवता येत नाही. तसेच त्यावरून मालाचे भाव, ऑर्डर वगैरे धंद्याची बातचीत करण्यास मनाई आहे.

आता केबल पाहू. सेट आणि अँटेना यांना जोडणाऱ्या या गोल तारेला कोएक्सियल केबल म्हणतात. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर प्लॅस्टिकचा थर, त्यावर तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण अशी तिची रचना असते. हॅम सेटला ५० ओहमची केबल लागते. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. ती स्वस्त मिळते म्हणून उचलू नये.

केबलमध्ये वाटेत शक्ती गळते. लांबी वाढली की गळती वाढते आणि फ्रिक्वेन्सी वाढली की आणखी वाढते. हिशेब असा. १४५ मेगाहर्ट्झवर २५ वॅटचा सेट आहे आणि केबल ३० मीटर लांब आहे. आरजी-५८ ही ५ मिलिमीटर जाडीची केबल लावली तर अँटेनापर्यंत सुमारे ६ वॅट पोहोचतात. आरजी-२१३ ही बोटाएवढी जाड केबल लावली तर सुमारे १३, आणि एलएमआर-४०० लावली तर १७ च्या आसपास. म्हणजे बारीक केबलीने चार हिश्श्यांतले तीन हिस्से वाटेतच खाल्ले! ऐकतानाही तेवढेच नुकसान होते. याउलट ७ मेगाहर्ट्झवर त्याच आरजी-५८ मधून १०० वॅटपैकी ७५ ते ८० वॅट पोहोचतात. तेव्हा खालच्या बँडसाठी आणि थोड्या लांबीसाठी बारीक केबल चालते. वरच्या बँडसाठी जाडच घ्यावी. सेट खिडकीजवळ ठेवून केबल आखूड करणे ही सर्वांत मोठी किफायत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात केबल घेताना टोक सोलून पाहावे. जाळीची वीण दाट हवी. चांगल्या केबलीत ती आतला थर सुमारे ९५ टक्के झाकते. विरळ मलमलीसारखी जाळी दिसली तर माल परत करावा. आरजी-२१३ च्या मध्ये तांब्याचे सात पदर असतात. एक पदर ब्लेडने खरवडावा. आतपर्यंत तांबडा निघाला पाहिजे आणि चुंबक चिकटता कामा नये.

केबलीचा खरा दुश्मन पाणी. कोकणच्या पावसात उघड्या सांध्यातून पाणी शिरले की जाळी काळी पडते आणि केबल निकामी होते. म्हणून कनेक्टर नीट डाख देऊन बसवावा व त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी. केबल घरात घेण्याआधी खाली एक झोळ सोडावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. केबल कुठेही मोडून वळवू नये.

अँटेना तर कारागिराच्या हातचे काम आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी सर्वांत साधी डायपोल. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये पूर्ण लांबी निघते. ७.१ साठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार. गच्चीवर दोन खांबांची सोय नसेल तर मध्ये एकच खांब उभारून दोन्ही तारा उतरत्या बांधाव्यात. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नसावा. तार प्रथम थोडी लांबच ठेवावी आणि मीटरवर पाहत कापत जावे. कापलेले कापड आणि कापलेली तार पुन्हा वाढत नाही.

१४५ मेगाहर्ट्झसाठी ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि खाली तिरक्या चार काड्या पुरतात. एकाच दिशेला दूर बोलायचे असेल तर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची यागी बनवावी. खिडक्यांचे काम करणाऱ्या कारागिराला मापे दिली तर तो सहज बनवील.

एक गफलत टाळावी. परत येणारी शक्ती दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर सेटजवळ लावला आणि केबल लांब व हलकी असली, तर परतणारी शक्तीही वाटेतच जिरते. मीटर चांगला आकडा दाखवतो आणि अँटेना खराबच राहते. म्हणून शक्य तेव्हा माप अँटेनाच्या टोकाशी घ्यावे.

शेवटी जिवाची गोष्ट. विजेच्या तारांजवळ अँटेना कधीही उभारू नये. खांब आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही एवढे अंतर हवे. खांबाला अर्थिंग करावे आणि ढग गडगडू लागण्याआधीच केबल सेटमधून काढून घराबाहेर ठेवावी. सेट दुरुस्त होतो, माणूस परत येत नाही.

थोडक्यात, नवीन केंद्र उभारणाऱ्याने पैशांची वाटणी उलट्या क्रमाने करावी. आधी अँटेना, मग केबल आणि उरलेल्या रकमेत सेट. साधा सेट चांगल्या अँटेनावर दूर बोलतो. भारी सेट खराब केबलीवर मुकाच राहतो.