हिरड्या दुखत नाहीत, म्हणून मोजायला हव्यात

श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर १९७० साली एक वेगळी पाहणी सुरू झाली. नॉर्वेत जन्मलेले हिरड्यांचे अभ्यासक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४८० कामगारांची तोंडं तपासली आणि पुढची पंधरा वर्षं ती पुन्हा पुन्हा तपासली. या माणसांना ना ब्रशची सवय होती, ना कधी दंतवैद्याची सोय मिळाली होती. सगळ्यांच्या दातांवर किटण होतं, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. दात मात्र जवळजवळ किडलेले नव्हते. काम सारखं, राहणी सारखी, तरीही निकाल तीन तऱ्हांचे निघाले. शंभरातल्या साधारण ८१ जणांच्या दातांचा आधार हळूहळू झिजत गेला. ११ जणांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. उरलेल्या ८ जणांचं हाड मात्र भराभर गेलं. चाळिशीपर्यंत त्यांचे सुमारे वीस दात पडले होते आणि पंचेचाळिशीला तोंडात एकही उरला नव्हता.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दोन गोष्टी कळतात. दात पडायला कीड लागावीच लागते असं नाही, दात ज्यात रोवलेला आहे ते हाड गेलं तरी पुरे. आणि आपण त्या आठांतले, एक्याऐंशींतले की अकरांतले, हे आरशात बघून कळत नाही. दुखण्यावरूनही कळत नाही, कारण हा आजार बहुतेकदा दुखतच नाही. ते मोजावं लागतं. म्हणूनच दात ठणकल्यावर डेंटिस्ट गाठायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत हिरड्यांच्या बाबतीत हमखास तोट्याची ठरते.

परतीची वाट कुठवर असते

दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. काही तासांत त्यावर जंतूंची वस्ती सुरू होते. हाच प्लाक. जिभेला तो बुळबुळीत लागतो, डोळ्यांना सहसा दिसत नाही. रोज नीट निघाला तर त्याचा त्रास नाही. हिरडीच्या कडेला किंवा दोन दातांच्या फटीत तो साचून राहिला, की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि काही दिवसांत तो कडक होऊ लागतो. हेच किटण. त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा प्लाक आणखी सहज बसतो. किटण ब्रशने निघत नाही, मीठ-लिंबू चोळूनही निघत नाही. लिंबाच्या आम्लाने दाताचं कवच तेवढं झिजतं.

प्लाक आणि सुजेचं नातंही लो यांनीच दाखवून दिलं होतं. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस इथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. १९६५ साली छापून आलेला हा छोटा प्रयोग आजच्या दंतवैद्यकाचा पाया मानला जातो. सूज हिरडीपुरती असेतो तिथून पूर्ण परतता येतं, हा त्याचा सांगावा.

पुढची पायरी तशी नाही. सूज रेंगाळली की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खोलगट फट तयार होते. दवाखान्यात तिला पॉकेट म्हणतात. तिच्या तळाशी प्राणवायूविना वाढणारे जंतू माजतात. त्यांच्याशी लढताना शरीर जो दाह पेटवतं, त्यातच दाताभोवतीचे तंतू आणि हाड झिजतात. यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणण्याची पद्धत आहे. गेलेलं हाड बहुतांशी परत येत नाही. उपचारांनी पुढची झीज थांबवता येते.

या सगळ्या काळात रुग्णाला दिसतं ते एवढंच: ब्रश करताना येणारं रक्त, तोंडाचा वास, जरा लांब वाटू लागलेले दात. रक्त आलं की बहुतेक जण त्या जागी ब्रश लावायचं टाळतात किंवा टूथपेस्ट बदलतात. खरं तर जिथे रक्त येतं तिथेच प्लाक साचलेला असतो आणि तिथेच मऊ ब्रश सावकाश फिरायला हवा. आठ-दहा दिवस नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर किटण आत उतरलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा दवाखान्यात जावं.

मिलिमीटरचा हिशेब

हिरड्यांची खरी तपासणी एका बारीक सळईने होते. प्रोब नावाच्या या सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवतात आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चारपासून लक्ष घालायला हवं. सहा किंवा अधिक म्हणजे आजार खोल गेला आहे. सोबत कुठे रक्त आलं, हिरडी किती खाली सरकली, कुठला दात हलतो याचीही नोंद होते आणि एक्स-रेमध्ये हाडाची पातळी दिसते. या आकड्यांचा तक्ता आपल्याजवळ असला, तर वर्षभराने पुन्हा मोजल्यावर आजार जागच्या जागी आहे की सरकतो आहे, हे नेमकं कळतं. रक्तदाब किंवा साखर जशी नोंदवून ठेवतो, तशीच ही नोंद ठेवायची.

मोजल्यावर उपचारांच्या पायऱ्या ठरतात. नुसती सूज आणि किटण असेल तर स्केलिंग पुरतं. अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक वेळा थरथरतं, त्या कंपनांनी किटण सुटतं आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघतं. पॉकेट खोल असेल तर भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करतात. त्याला डीप क्लीनिंग म्हणतात. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. बऱ्याच जागी खोली कमी झालेली असते. ज्या जागा हट्टी राहतात, तिथे हिरडी जराशी उघडून साफसफाई करावी लागते. तीच फ्लॅप सर्जरी. हाडाची झीज विशिष्ट आकाराची असेल तर तिथे हाडाचा भराव किंवा पडदा वापरून काही भाग पुन्हा उभा करता येतो, पण ती संधी प्रत्येक दाताला मिळत नाही.

स्केलिंगने दात ढिले होतात, फटी पडतात, ही समजूत घराघरात आहे आणि तिच्यापायी अनेकांनी उपचार टाळले आहेत. फट आधीच पडलेली असते. हाड आणि हिरडी खाली गेल्यावर रिकामी झालेली जागा किटणाने भरून काढलेली असते. ते निघालं की फट उघडी दिसते, सूज उतरल्यावर आणखी दिसते आणि उघड्या पडलेल्या मुळांना काही दिवस थंड पाणी झोंबतं. हा त्रास बहुधा ओसरतो. किटण तसंच ठेवलं, तर हाड जात राहतं.

साफसफाई कुणाला, किती वेळा

स्वीडनमधल्या कार्लस्टाड शहरात पेर आक्सेलसन आणि यान लिंडे या दंतवैद्यकाच्या अभ्यासकांनी १९७१-७२ साली ३७५ प्रौढांना हाताशी धरलं. पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी या माणसांना बोलावलं जाई. दातांवर रंग लावून प्लाक कुठे राहिला ते त्यांना दाखवत, कुठे ब्रश पोचत नाही ते त्यांच्याच हाताने करून घेत, मग हायजिनिस्ट, म्हणजे याच कामाचं प्रशिक्षण घेतलेला मदतनीस, दात स्वच्छ करून देई. तुलनेसाठीच्या १८० जणांना वर्षातून एकदा नेहमीचे उपचार मिळत. सहा वर्षांनी तुलनेच्या गटात हिरड्या बिघडल्या होत्या आणि कीडही वाढली होती, पहिल्या गटात जवळपास काहीच बिघडलं नव्हतं. त्या गटातल्या पुढेही टिकून राहिलेल्या २५७ जणांचा तीस वर्षांचा हिशेब २००४ साली मांडला गेला. माणशी सरासरी दोनहूनही कमी दात गेले होते आणि तेही मुख्यतः मूळ तडकल्याने.

याच्या शेजारी २०१८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली चाचणी ठेवून पाहायला हवी. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या १,८००हून अधिक लोकांपैकी काहींचं स्केलिंग दर सहा महिन्यांनी, काहींचं वर्षाने केलं आणि काहींचं केलंच नाही. यांतल्या कुणालाही हिरड्यांचा गंभीर आजार नव्हता आणि ते डेंटिस्टकडे नियमित जाणारे होते. तीन वर्षांनी हिरड्यांच्या रक्तस्रावात गटांमध्ये फरक आढळला नाही. ब्रशिंगचा वैयक्तिक सल्ला दिल्यानेही फरक पडला नाही.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ज्याच्या हिरड्या मुळात बऱ्या आहेत, त्याच्या दातांवरून दर सहा महिन्यांनी यंत्र फिरवल्याने मोठा लाभ होत नाही. एकदा सांगितलेला सल्ला सवयीत उतरत नाही. कार्लस्टाडमध्ये शिकवणं, तपासणं आणि साफ करणं हे तिन्ही वर्षानुवर्षं, थोड्या थोड्या अंतराने होत राहिलं. म्हणून ‘दर सहा महिन्यांनी’ हा सरसकट नियम मानू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना तपासणीसाठी बोलावण्याचं अंतर धोक्यानुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असू शकतं. ज्याचं हाड एकदा झिजलं आहे त्याला मात्र आयुष्यभर, सुरुवातीला तर तीन-तीन महिन्यांनी, जायला लागतं. पायोरियाचे उपचार करून घेऊन पुन्हा दवाखान्याकडे न फिरकणारा रुग्ण केलेला सगळा खर्च पाण्यात घालतो.

मिश्री, साखर आणि गोळ्या

महाराष्ट्रात हिरड्यांविषयी बोलायचं आणि मिश्री वगळायची, हे चालणार नाही. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आजही कित्येक घरांत सकाळी बोटावर घेतली जाते, विशेषतः बायकांमध्ये. दात शिवशिवतात म्हणून सुरू झालेली सवय व्यसन होऊन बसते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित. तंबाखू जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. विडी-सिगारेट आणखी एक घात करते. तिने हिरडीतला रक्तस्राव कमी होतो, म्हणजे धोक्याची सर्वांत ठळक खूणही झाकली जाते. हाड आतून झिजत असतं आणि माणूस म्हणतो, माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतला दाह शरीरातल्या इन्सुलिनचं काम अवघड करतो. २०२२ सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ अंकांनी खाली येतो. साखरेच्या औषधांची जागा हे उपचार घेत नाहीत, त्यांना जोड देतात. हृदयविकाराबद्दल मात्र दावा जपून करायला हवा. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट केलं होतं.

रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन आणि फिटसाठीची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांनाही सांगावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येणं नेहमीचं आहे, आणि त्या काळात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, स्केलिंग करून घेता येतं. ‘बाळंतपण झाल्यावर बघू’ म्हणायचं कारण नाही.

काय विचारायचं, काय मागायचं

घरी रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून फिरवायचा. फटींसाठी त्या मापाचा बारीक ब्रश किंवा फ्लॉस वापरायचा. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस करायच्या, लांबवल्या तर दातांवर डाग पडतात. दवाखान्यात गेल्यावर चार प्रश्न विचारायचे: माझे पॉकेट किती मिलिमीटरचे आहेत, हाड किती शिल्लक आहे, माझा ब्रश कुठे चुकतो आणि पुन्हा कधी यायचं. उत्तरं लिहून घ्यायची. खासगी खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि शुल्क खूप कमी असतं.

पण ही जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. १९४८च्या डेंटिस्ट कायद्याने आपल्याकडे डेंटल हायजिनिस्टला मान्यता दिली, तरी बहुतेक दवाखान्यांत शिकवण्या-साफ करण्याचं काम डेंटिस्टलाच उरकावं लागतं आणि दाढ काढण्याच्या, रूट कॅनालच्या घाईत ते मागे पडतं. कार्लस्टाडमध्ये जे जमलं ते अशा प्रशिक्षित हातांच्या बळावर. मधुमेहाच्या प्रत्येक केंद्रात पायांबरोबर हिरड्यांचीही चौकशी व्हावी, तालुक्याच्या रुग्णालयात दात उपटण्याच्या खुर्चीशेजारी स्केलिंगची आणि मोजमापाची सोय असावी, मिश्री सोडवायला आशाताईंच्या हाती वेळ आणि साधनं असावीत. यातल्या कशालाही नवा शोध लागायची गरज नाही. हिरड्यांचा आजार ओळखायला एक सळई लागते, थोपवायला महिन्यांच्या अंतराने केलेलं साधं, चिकाटीचं काम लागतं. म्हातारपणी कवळी यायचीच, असं मानून बसलेल्या समाजाला हे ठामपणे सांगायला हवं: वयामुळे दात पडत नाहीत, ते दुर्लक्षामुळे पडतात, आणि हे दुर्लक्ष थांबवणं आपल्या हातात आहे.